गुप्त किल्ली कशी घडवावी



मागच्या महिन्यात एका खेड्यातल्या शिक्षकांचे पत्र आले. त्यांच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी हजेरी नोंदवण्याचा एक लहानसा प्रोग्रॅम तयार केला आहे. वर्गात भरलेली हजेरी शाळेतल्याच एका जुन्या संगणकावर जाऊन साठते. दुसऱ्या संगणकांचे असे काम जो करून देतो त्याला सर्व्हर म्हणतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. साठवताना ती माहिती कुलूपबंद व्हावी, म्हणजे कोणी तो संगणक उचलून नेला तरी मुलांची नावेगावे त्याला वाचता येऊ नयेत, अशीही सोय मुलांनी केली आहे. एवढे करून प्रोग्रॅम चालवून पाहायला बसले, तर तो म्हणाला, किल्ली द्या.

पुढचे गुरुजींच्याच शब्दांत सांगतो. ‘आम्ही शाळेचे नाव आणि स्थापनेचे साल इंग्रजीत टाइप करून दिले. त्याने ते घेतले नाही. म्हणाला, बत्तीस बाइट पाहिजेत. मग तेच नाव दोनदा लिहून बत्तीस अक्षरे भरून काढली, तेव्हा त्याने मुकाट्याने घेतले. हे बरोबर झाले का? आणि नसेल, तर किल्ली आणायची कोठून?’

बरोबर झाले नाही. पण प्रश्न मोठा चांगला आहे, म्हणून आजचा सगळा वेळ मी त्यालाच देणार आहे.

आधी कुलूप आणि किल्ली यांतला फरक पाहू. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. हे जन्माने डच, आणि पॅरिसमध्ये भाषा शिकवीत. म्हणजे आपल्याच धंद्यातले म्हणायचे. त्यांचे म्हणणे असे की, गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आपल्याकडे जुन्या दफ्तरांतली मोडी आज फार थोड्यांना वाचता येते. पण म्हणून मोडी ही काही गुप्त लिपी होत नाही. चार महिने बसून शिकला की कोणीही ती वाचू लागतो. रीत माहीत नसणे आणि किल्ली हाती नसणे, या दोन गोष्टी अगदी वेगळ्या.

आज सर्व्हरवर माहिती कुलूपबंद करायला जी रीत सर्रास वापरतात तिचे नाव एईएस. दोन बेल्जियन विद्वानांनी ती रचली, आणि २००१ साली अमेरिकेच्या मानक-संस्थेने ती प्रमाण म्हणून जाहीर केली. तिची सगळी कृती छापील आहे, ज्याला पाहिजे त्याने वाचावी. कुलूप असे चव्हाट्यावर मांडून ठेवलेले आहे. तेव्हा सगळी भिस्त किल्लीवर आली.

आणि किल्ली म्हणजे काय? तर एक मोठी संख्या. संगणक संख्या लिहितो ती शून्य आणि एक या दोनच अंकांनी. अशा एका अंकाला बिट म्हणतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. बत्तीस बाइट म्हणजे २५६ बिट झाले. नाणे २५६ वेळा उडवा, छाप पडली तर एक आणि काटा पडला तर शून्य असे ओळीने लिहीत जा. झाली किल्ली तयार. मी थट्टा करीत नाही. हाताने अशी घडवलेली किल्ली उत्तम असते. फक्त मनगट दुखते. आणि अशा किल्ल्या एकूण किती होऊ शकतात म्हणाल, तर ती संख्या ७८ अंकी आहे. वर्गात फळ्यावर ७८ अंक लिहून दाखवा, मुले हसतील.

लांबीला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. १९७७ साली अमेरिकेत जी जुनी रीत प्रमाण ठरली, तिच्या किल्लीत ५६ बिट होते. त्या काळी तेवढे पुरे वाटले. १९९८ साली काही लोकांनी मुद्दाम एक यंत्र बांधले, ते एकामागून एक किल्ल्या लावून पाहत गेले आणि तीन दिवसांच्या आत त्याने कुलूप उघडले. आता किल्लीत एकच बिट वाढवला की शोधणाऱ्याचे काम दुप्पट होते. आणखी एक वाढवला की चौपट. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना, तोच हिशेब. ५६ पासून २५६ पर्यंत हे दोनशे वेळा दुप्पट करायचे आहे.

परंतु, आणि इथेच गुरुजींची किल्ली फसते, हा हिशेब खरा ठरतो तो किल्ली खरोखर नाण्याच्या लहरीने पडलेली असेल तरच. शाळेचे नाव दोनदा लिहिले तर बत्तीस अक्षरे भरतात खरी, पण शोधणाऱ्याला ७८ अंकी ढीग उपसावा लागत नाही. तालुक्यातल्या शाळांची यादी घेतली, स्थापनेची शे-सव्वाशे साले घेतली, की एका दुपारचेही काम नाही. जन्मतारखेचे तसेच. शंभर वर्षांचे दिवस मोजा, साडेछत्तीस हजार भरतात. माणूस डोक्यातून जी किल्ली काढतो ती दुसऱ्या माणसाच्या डोक्यातही येऊ शकते. तीत चतुराई कितीही असो.

याचा पडताळा वर्गात घेता येतो. निम्म्या मुलांना नाणे शंभर वेळा उडवून छाप-काटा लिहायला सांगा, आणि निम्म्यांना नाण्याशिवाय, नुसते मनाने, लहर लागेल तसे शंभर वेळा लिहायला सांगा. कागद गोळा करून सरमिसळ करा. कोणता खरा आणि कोणता मनाचा, हे तुम्हाला बहुतेक ओळखता येईल. खऱ्या नाण्याच्या कागदावर एकच बाजू सलग पाच-सहा वेळा पडलेली बहुतेक दिसतेच. मनाने लिहिणारा मूल मात्र तीन वेळा छाप लिहिली की घाबरते आणि काटा लिहिते! आपल्याला वाटते तशी यदृच्छा नसते, आणि असते तशी ती आपल्याला वठवता येत नाही.

म्हणून किल्ली यंत्राकडून घडवून घ्यायची. लिनक्स असलेल्या संगणकावर टर्मिनल म्हणून एक खिडकी असते. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आपण एक ओळ टाइप करून आज्ञा द्यायची आणि यंत्राने उत्तर छापायचे. तीत ही ओळ टाइप करावी:

ओपनएसएसएल रँड -हेक्स ३२

पुस्तिकेत ती नागरीत छापली आहे. यंत्रावर लहान इंग्रजी लिपीत लिहायची, अंकसुद्धा इंग्रजी. पहिला शब्द ओ, पी, ई, एन, एस, एस, एल, असा सलग. मग एक जागा मोकळी सोडून आर, ए, एन, डी. पुन्हा मोकळी जागा, मग वजाबाकीचे चिन्ह आणि त्याला चिकटून एच, ई, एक्स. पुन्हा जागा, आणि बत्तीस. एंटरची कळ दाबली की क्षणात ६४ खुणांची एक ओळ उमटते. तीत शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे, एवढेच असते. एका बाइटाला दोन खुणा, म्हणून बत्तीस बाइटांच्या चौसष्ट. हेक्सच्या जागी बेस६४ असे लिहिले तर त्याच मापाची किल्ली ४४ खुणांत मिळते आणि तिच्या शेवटी बरोबरीचे एक चिन्ह असते. ही दोन निरनिराळी वस्त्रे आहेत, आत ऐवज एकच, बत्तीस बाइटांचा. कोणते वस्त्र पाहिजे ते तुमच्या प्रोग्रॅमवर अवलंबून.

तुम्ही विचाराल, यंत्र तर सांगितल्याबरहुकूम चालते, मग त्याला लहर कोठून आली? शंका रास्त आहे. संगणकाच्या मुळाशी जी मुख्य कार्यप्रणाली असते ती बाहेरच्या अनियमित घडामोडींची सतत वेचणी करीत असते. कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली, तबकडीने उत्तर द्यायला किती उशीर केला, अशा बारीकसारीक वेळा. शिवाय हल्लीच्या बहुतेक संगणकांच्या मुख्य चिपमध्ये यासाठी वेगळी सोयही असते. हे सगळे एकत्र घुसळून त्यातून ती एक बीज काढते. इंग्रजीतही त्याला बीजच म्हणतात, शेतकऱ्याचाच शब्द. त्या बीजापासून पुढे हवे तितके बाइट निघतात. आणि शेतातल्याप्रमाणेच, बीज खोटे निघाले तर वरची मशागत व्यर्थ.

याचा एक मोठा दाखला आहे. लिनक्सचा डेबियन नावाचा एक प्रसिद्ध प्रकार जगभर सर्व्हरांवर चालतो. २००६ साली त्यातल्या ओपनएसएसएलची देखभाल करताना एक-दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. चुका हुडकणारे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करीत होते, म्हणून त्या काढल्या. हेतू शुद्ध होता. पण लहर आत ओतणाऱ्या ओळी नेमक्या त्याच होत्या. उरले काय, तर चालू कामाला यंत्र जो क्रमांक देते तो, आणि तो बहुधा १ ते ३२,७६८ च्या आतला. पुढे जवळजवळ दोन वर्षे, मे २००८ पर्यंत, त्या यंत्रांवर लोक किल्ल्या घडवीत होते, त्या लांबीला पुरेपूर भरत होत्या, दिसायला कोणाही किल्लीसारख्या विस्कळीत दिसत होत्या, आणि एका जातीच्या, एका मापाच्या किल्ल्या मिळून होत्या फक्त तेहतीस हजारांच्या आत. डोळ्यांनी पाहून ते कोणालाही कळले नाही. कळण्यासारखे नव्हतेच. ते उघडकीस आल्यावर जुन्या किल्ल्या टाकून नव्या घडवाव्या लागल्या. हा दोष केव्हाच दुरुस्त झाला आहे, तेव्हा आज ती ओळ वापरायला भिऊ नका. पण हे लक्षात असावे की, किल्ली विस्कळीत दिसते म्हणून ती चांगली असे होत नाही.

हाच दोष आपण आपल्या हातानेही करून घेतो. टर्मिनलमध्ये रँडम नावाचा एक तयार शब्द आहे, तो विचारला की संख्या देतो. पण शून्यापासून ३२,७६७ पर्यंतचीच. सोडत काढायला छान, किल्लीला निरुपयोगी. दुसरी एक युक्ती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली: आजची तारीख आणि वेळ घ्यायची आणि ती एका गणिती चरकातून पिळून काढायची. बाहेर पडते ती लांबलचक, अगदी भारदस्त दिसणारी ओळ. पण आत ऊस कोणता गेला? दिवसाचे सेकंद ८६,४००. वर्षाचे धरले तरी सव्वातीन कोटींच्या आतच. माणसाला ही संख्या मोठी वाटते, संगणकाला ती काहीच नाही.

आता किल्ली ठेवण्याबद्दल. ती पडद्यावर उमटली की मागून मुले वाचणार, कोणी फोनने फोटो काढणार. म्हणून ती पडद्यावर आणूच नये, सरळ फाइलीत सोडावी. गणितात आपण ‘पेक्षा मोठे’ दाखवायला जे चिन्ह काढतो ते ओळीच्या शेवटी घालून पुढे फाइलीचे नाव लिहिले की उत्तर त्या फाइलीत जाते. पण त्याआधी ‘यूमास्क ०७७’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे पुढे तयार होणारी फाइल ज्याची त्यालाच वाचता येते, इतरांना नाही. आधी फाइल करून मागून तिला कडी लावली तर मधल्या क्षणी ती उघडी असते. फाइल प्रोग्रॅमच्या दप्तरात ठेवू नये. प्रोग्रॅम आपण दुसऱ्याला देतो, कोठेतरी चढवून ठेवतो, आणि त्याबरोबर किल्लीही जाते. एकदा गेलेली किल्ली फाइलीतून पुसून परत येत नाही. जुन्या प्रती राहतातच. तेव्हा ती मेली असे समजून नवी घडवावी.

किल्ली हाताने टाइप तर कधीच करू नये. टर्मिनल आपण दिलेल्या ओळींचे टिपण ठेवते. वरच्या बाणाची कळ दाबली की मागच्या ओळी पुन्हा येतात, हे मुलांना आपल्याआधी माहीत असते. किल्ली त्या ओळीत असेल तर तीही टिपली जाते. प्रोग्रॅम सुरू करण्याच्या ओळीतच किल्ली लिहिली, तर त्याच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्याने चालू कामांची यादी मागितली की त्याला ती आयती दिसू शकते. प्रोग्रॅमला फाइलीचा पत्ता द्यावा आणि त्याने स्वतः वाचून घ्यावे, हे बरे.

मापाचा एक घोटाळा हमखास होतो. फाइलीतल्या खुणा मोजल्या तर ६४ ऐवजी ६५ भरतात. घाबरू नका, ओळ संपल्याची एक न दिसणारी खूण शेवटी असते. प्रोग्रॅम तीही किल्लीचाच भाग समजला तर अडून बसतो. त्याला ती झटकून टाकायला शिकवावे. त्याहून वाईट चूक अशी की, प्रोग्रॅम बत्तीस मागतो म्हणून कोणी चौसष्ट खुणांतल्या पहिल्या बत्तीसच कापून देतो. प्रोग्रॅम खूष होतो. पण बत्तीस खुणा म्हणजे सोळाच बाइट लहर. किल्ली निम्मी राहिली आणि कोणाला पत्ताही नाही. त्या चौसष्ट खुणा प्रोग्रॅमने आधी उलगडून बत्तीस बाइट करून घ्यायच्या असतात.

इथवर सगळे चाचणीच्या सर्व्हरबद्दल बोललो. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. ते दाणे पिकासाठी नसतात. चाचणीची किल्ली चाचणीपुरतीच, आणि चाचणीत घालायची नावेही खोटीच, गणू, बनू अशी. सांगायला सोपे आहे. माझ्या हातून काय झाले ते ऐका.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे गुणांची नोंदवही म्हणून असाच एक सर्व्हर उभा केला होता. किल्ली यंत्राकडूनच घडवून घेतली होती. ती फाइलीतसुद्धा नव्हती. सर्व्हर सुरू करतानाच ती घडायची आणि परस्पर त्याच्या स्मरणात जायची. चाचणीला ही पद्धत फारच चांगली, कारण मागे काहीच उरत नाही. आमच्या एका बाईंना तो प्रोग्रॅम आवडला. त्यांनी मला विचारले, ‘सर, मी यात शिष्यवृत्तीच्या सरावाचे गुण घातले तर चालतील का?’ मी कशाच्या तरी घाईत होतो. म्हणालो, घाला की.

बाई रोज शाळा सुटल्यावर बसून गुण भरीत. तीन आठवडे झाले. मग एका संध्याकाळी वळवाच्या वाऱ्याने वीज गेली. सकाळी मी संगणक सुरू केला, सर्व्हर उठला, आणि उठताना त्याने शिकवल्याप्रमाणे नवी किल्ली घडवून घेतली. नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. एकही ओळ कमी झाली नव्हती. पण त्या जुन्या किल्लीने बंद झालेल्या होत्या, आणि ती किल्ली विजेबरोबर गेली होती. मी दोन दिवस खटपट केली. खटपट कसली, ७८ अंकी संख्येपुढे बसून राहिलो. बाईंनी घरोघर निरोप पाठवून मुलांकडच्या उत्तरपत्रिका परत मागवल्या. काही रद्दीत गेल्या होत्या, त्या गेल्याच. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘सर, तुमचं कुलूप मात्र चांगलं आहे हो.’

तेव्हापासून चाचणीच्या सर्व्हरचा पडदा मी पिवळ्या रंगाचा करतो, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहितो: इथले उद्या नसेल. खरी नावे आली की त्या दिवशी सर्व्हर वेगळा, किल्ली वेगळी, आणि त्या किल्लीची एक प्रत संगणकाबाहेर.

आता गुरुजींच्या पत्राचे उत्तर. शाळेच्या नावाची किल्ली टाकून द्या, आणि मुलांसमोर वरची ओळ देऊन नवी घडवा. हजेरीत आज खरी नावे असतील तर जुनी किल्ली लगेच पुसू नका. आधी तिने सगळे उघडून नव्या किल्लीने पुन्हा बंद करा, वाचून खात्री करा, मग जुनी पुसा. क्रम उलटा झाला तर माझ्यासारखे होईल. पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, प्रत कागदावर लिहून ठेवणे गैर तर नाही? मुळीच नाही. चौसष्ट खुणा आहेत, चार-चारच्या गटांनी सोळा गट पाडा, एकाने वाचाव्या आणि दुसऱ्याने लिहाव्या, मग उलट वाचून ताडून पाहाव्या. कागद पाकिटात घालून, त्यावर तारीख टाकून, मुख्याध्यापकांच्या कपाटात दाखल्यांच्या रजिस्टराशेजारी ठेवा. आणि त्या कपाटाची किल्ली, तीसुद्धा खिळ्याला टांगून ठेवू नका.